पंचेचाळीस अंश, मध्यरेषेपासून

१२ जानेवारी, सकाळी ९
ही नातीला बघायला लेकीकडे गेली. आठ दिवसांत येते म्हणाली. निघताना जेवणाच्या टेबलाकडे बघून काहीतरी पुटपुटली. टेबलावर दोन जुन्या मोटारसायकलींची इंजिनं सुटी करून मांडली आहेत, एवढंच. दोन्ही सिलिंडर व्ही आकारात एकाच क्रँकशाफ्टवर बसवायचे. ती येईपर्यंत इंजिन सुरू. मग तिला मागे बसवून लांब फिरवून आणायचं. लग्नापासून राहून गेलंय. बत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत, मला अवघड काय!

१५ जानेवारी
लेथवरचा टर्नर हट्टी आहे. म्हणतो, सिलिंडरांमध्ये नव्वद अंश ठेवा. पिस्टनचे दोन्ही रॉड क्रँकच्या एकाच पिनवर बसतात, धक्के आपसात जिरतात, डोक्याला ताप नाही. पण नव्वद केले तर पुढचा सिलिंडर चाकाला टेकतो. त्याचं काय जातंय, गाडी माझी आहे. मी पंचेचाळीस म्हणालो. मग पिना दोन लागतात, एकमेकींपासून फिरवलेल्या. किती? एकशेऐंशीतून कोनाची दुप्पट वजा. म्हणजे नव्वद. टर्नर म्हणाला, शेवटी नव्वदच आले की. अशा माणसाशी काय बोलणार.

२० जानेवारी
आठ दिवस झाले. हिचा फोन. नातीला सर्दी आहे, आणखी थोडे दिवस राहू का, असं विचारत होती. राहा की निवांत, म्हणालो, माझंही इंजिन व्हायचंय. बरं म्हणाली. समजूतदार आहे.
उद्यापासून सहाला उठून कामाला लागायचं.

२१ जानेवारी
साडेनऊ. थंडी होती.

१८ फेब्रुवारी
केसिंगचं, म्हणजे सिलिंडर बसवायच्या खोक्याचं, ड्रॉइंग पूर्ण, टर्नरला दिलं. टेबल अडल्यामुळे ओट्यापाशी उभ्याने जेवतो. उभ्याने पचतं चांगलं. लेकीचा फोन. आई गप्प गप्प असते म्हणाली. प्रवासाचा शीण असेल, म्हणालो. हिने पुन्हा राहू का विचारलं. राहा म्हणालो.

९ एप्रिल
क्रँकशाफ्ट आला. दोन पिना, मध्ये त्यांना जोडणारी पोलादी पाटी, देखणं काम. ओरखडा उठू नये म्हणून हिच्या उशीवर ठेवलाय. घरात तेवढी मऊ जागा दुसरी नाही. नातीला दात आला म्हणे. फोटो पाठवलाय, बघायचाय.

१४ मे
केसिंग आलं. बसवून बघतो तर सिलिंडर हात पसरून बसलेले. कोनमापक लावलं. नव्वद. टर्नरला फोनवर चांगलाच झापला. तो आला आणि त्याने ड्रॉइंग पुढे ठेवलं. ऑफिसातल्या सवयीने मी कोन मध्यरेषेपासून दाखवला आहे. पंचेचाळीस इकडे, पंचेचाळीस तिकडे. अक्षर माझं, सही माझी. 'तपासले' या शब्दापुढेही सही माझीच. टर्नर म्हणाला, क्रँक तुम्ही तोंडी सांगितलात, केसिंग मी कागदावरून केलं. म्हणजे क्रँक पंचेचाळिसाचा आणि केसिंग नव्वदचं. साधी एकच पिन चालली असती. तो पाणी पिऊन गेला. मला राग यायला हवा होता, आला नाही.

१६ मे
नीट विचार केला. ही चूक नव्हे. असं इंजिन कोणी केलंच नसेल. करून बघितलंच पाहिजे.

२ जून, सकाळी ११.१०
सुरू झालं! अकरा सेकंद. एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली, त्यामुळे वरखाली न हलता आडवं हलतं. टेबलासकट भिंतीपर्यंत गेलं. धरायला गेलो तर हात कोपरापर्यंत बधिर. आतूनही तसंच वाटतंय. आनंद नंतर होईल. आवाज झकास.

११.४०
हिला फोन केला. सुरू झालं म्हटल्यावर छान म्हणाली. कोनाचं सगळं सांगितलं, तेही ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'राहू का' असं मी दर वेळी विचारलं. कधी येतेस, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मी म्हणालो, इंजिन झालं की विचारणार होतो. झालं ना आता, म्हणाली. मी हो म्हणालो. मग ती बोलेना. मला वाटलं पिनांचं नीट कळलं नसेल, म्हणून एकशेऐंशीतून दुप्पट वजा पुन्हा समजावून सांगितलं. तिने फोन कुठल्या वाक्याला ठेवला कळलं नाही.

३ जून
हाताला मुंग्या. लेकीचा फोन. आईचे कपाटातले कपडे पाठवून द्या म्हणाली. पाठवतो म्हणालो. कुठले कुठले, ते लिहून घेत होतो. सगळेच, म्हणाली. जून चालू आहे म्हणून विचारलं, स्वेटर कशाला? ती म्हणाली, स्वेटरसुद्धा.