अडतीस सेकंद

त्र्यंबक,
बुधवार, १३ ऑगस्ट

ती. दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? तेल लावा म्हणावं, नुसती बाटली कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि वहिनी स्पीकर लावतात, मग अख्ख्या इगतपुरीला कळतं. म्हणून लिहिते आहे. अक्षर समजून घे.

पेपरात वाचलंच असशील. परवा सोमवारी अंजनेरीच्या उतारावर जे हेलिकॉप्टर पडलं, ते आमच्याकडेच येत होतं. नामपूरचे कारभारीशेठ, कांद्याचे व्यापारी, ह्यांचे तीन पिढ्यांचे यजमान. त्यांच्या आईच्या, आक्काबाईंच्या पंच्याहत्तरीचा लघुरुद्र होता. श्रावणी सोमवारची गर्दी, गाडीनं पोचणार कसं? म्हणून शेठनी हेलिकॉप्टर भाड्यानं घेतलं.

म्हातारी गेली, दादा. जागच्या जागी गेली. शेठचा हात मोडला. पायलट वाचला, पण त्याचे पाय हलत नाहीत म्हणतात.

आदल्या दिवशी आक्काबाई माझ्याशी फोनवर बोलल्या होत्या. "माय, मना पोऱ्या माले इमानमा बसाडी राहिना," म्हणाल्या, मुलगा विमानात बसवतोय ह्याच्या आनंदात लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. मी म्हटलं, या, पुरणाचा नैवेद्य आहे. ते पुरण तसंच राहिलं. शेवटी गाईला घातलं.

सकाळी घरघर ऐकू आली, जवळ आली आणि थांबली. एवढंच. धडाका नाही की काही नाही. हे देवघरातून म्हणाले, "आले वाटतं." मी पानं मांडायला घेतली. अरे देवा, मी पानं मांडत होते रे! पाऊण तासानं शेजारचा भिका धावत आला तेव्हा माझ्या हातात मिठाचं भांडं होतं.

आता तो पायलट म्हणतो, मी त्र्यंबकला फोन करून डोंगर दिसतो का ते विचारलं होतं. ह्यांचाच नंबर शेठनी त्याला दिला होता, खाली आपलं माणूस असावं म्हणून. पण ह्यांनी पोलिसांना स्पष्ट सांगितलं, पूजेच्या दिवशी आम्ही सोवळ्यात असतो, फोनला शिवत नाही, फोन कोनाड्यात पडून होता. ह्यांचा शब्द गावात कोण खोटा म्हणेल? शेठ तर दवाखान्यातून ठणकावून सांगतात, पायलटनं कोणाला विचारलंच नाही, बेफिकीर माणूस आहे. मीही तेच म्हणते. समोरचं दिसत नाही तर घुसायचं कशाला? तू जन्मभर रेल्वेत राहून घाटात गाड्या पास केल्यास. धुक्यात सिग्नल दिसेना तर ड्रायव्हर गाडी थांबवतो की नाही? मग ह्यानं का थांबू नये?

हे जेवत नाहीत. तू येऊ नकोस, पाऊस फार आहे. उत्तर मात्र लिही.

तुझी,
मालू

*

नाशिक,
मंगळवार, १९ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळींचं कार्ड, त्यात एक ओळ वहिनींच्या गुडघ्याची. पण मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "फोन उचलला गेला होता, अडतीस सेकंद बोलणं झालं, असं पेपरात आलं आहे. मालू, कोण बोललं?"

आधी तुझा राग आला. म्हटलं, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी ह्याची चौकशी काही संपत नाही. कार्ड फाडणार होते. मग लक्षात आलं, मी पहिल्या पत्रात तुला सगळं लिहिलं होतं, फक्त फोन वाजला तेव्हा मी कुठे होते ते लिहिलं नव्हतं.

मी बोलले, दादा. मीच.

सव्वाआठ वाजले होते. हे देवघरात, मी सोवळ्यात पुरण वाटत होते. फोन वाजत राहिला म्हणून भांडी घासणारी कुसाबाई तो घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि स्पीकर लावून लांबूनच माझ्यासमोर धरला. पलीकडे तरुण, अदबशीर आवाज. "काकू, मी कॅप्टन नवनाथ. ढग आहेत म्हणून नाशिकजवळ एका मैदानात उतरून थांबलोय. तिकडून अंजनेरीचा माथा दिसतोय का?"

अंजनेरी गॅलरीतून दिसते. गॅलरी म्हणजे दहा पावलं. पण दारापासून दोरीवर कालचे ओले कपडे लोंबत होते, ओवळे. त्यांच्यातून गेले असते तर विटाळले असते. मग पुन्हा आंघोळ, पुन्हा ओलं नेसायचं, पुरण तसंच, नैवेद्याला उशीर. कुसाबाई म्हणाली, "बाई, म्या बघून येऊ का?" ती सोवळ्यात नव्हती, तिचं काहीच अडणार नव्हतं. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "त्यात बघायचं काय? ऊन पडलंय." खिडकीतून ओट्यावर कवडसा आला होता ना! तेवढ्यावर मी त्याला सांगितलं, "दिसतोय हो, स्वच्छ आहे. या लवकर, मुहूर्त टळेल."

न बघता सांगितलं. सहलीला आलेली शाळेची पोरं वाट विचारतात तेव्हासुद्धा मी दारापर्यंत जाऊन बोट दाखवते!

ह्यांना काही माहीतच नव्हतं. घंटेच्या आवाजात ऐकूच गेलं नाही. त्यांनी पोलिसांना सांगितलं ते त्यांच्या लेखी खरंच होतं, आणि मी त्यांच्यामागे पदर सावरून उभी राहिले. कुसाबाई रोज येते, भांडी घासते, माझ्याकडे बघत नाही. परवा जाता जाता हळूच म्हणाली, "म्या नाय सांगायची कुनाला. लय वर्सं तुमचं मीठ खाल्लंय." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्यापायी त्या बाईनं तोंड शिवायचं?

काल ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "सोवळं माझ्या घरातलं आहे, तुझ्या एकटीचं नाही. मी येतो." मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी दोघांनी जाऊन चौकशीच्या साहेबांना जबाब दिला. भला माणूस. मला म्हणाले, "तुम्ही गॅलरीत गेला असतात तरी डोंगर दिसलाही असता कदाचित. खालून वर बघणं वेगळं आणि वरून समोर बघणं वेगळं. या दिवसांत डोंगर पाच मिनिटांत झाकतो. उडायचं की नाही हे पायलटनंच ठरवायचं असतं, बाई." मला धीर देण्यासाठी त्यांनी तसं सांगितलं. पण मी बघितलं नाही ते नाहीच ना. जबाबात तेवढं ठळक लिहायला लावलं, कुसाबाई बघायला निघाली होती आणि मी तिला अडवलं, हेही. मग सही केली.

तिथून पायलटला भेटायला दवाखान्यात गेलो. बाहेर त्याची बायको तेजल बसली होती, देवळा गावची पोर, डोळे सुजलेले. मी कोण ते न विचारता तिनं मला बसायला जागा करून दिली. मी उभीच राहिले.

तो पाठीवर पडून होता. तिशीचा असेल. मी म्हटलं, "बाळा, फोनवर मी होते. मी बघितलं नव्हतं. आज लिहून दिलंय." म्हटलं, आता हा शिव्या देईल, देऊ दे.

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "चला, मी खोटं बोललो नाही एवढं तरी लोकांना कळेल." आणि थोड्या वेळानं, "काकू, ढग मलाही दिसत होते. मला जायचं नव्हतं. शेठ घाई करत होते, हेलिकॉप्टर कंपनीचे मालक फोन करत होते, आजी हौसेनं बसल्या होत्या. कोणाला नाही म्हणायची मला हिंमत होत नव्हती. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही 'येऊ नका' म्हणाल अशी मी वाट बघत होतो. एका माणसानं म्हटलं असतं तरी मी परत फिरलो असतो."

दादा, तो मला रस्ता विचारत नव्हता रे. तो सुटका मागत होता. आणि माझे हात पुरणात होते.

इथल्या बाकावर बसून लिहिते आहे. हे तेजलसाठी चहा आणायला गेले आहेत. गावात आता काय बोलतील, यजमान येतील की नाही, माहीत नाही, आणि आज त्याचं काही वाटतही नाही. आक्काबाईंच्या तेराव्याला नामपूरला जाणार आहे. दारात उभं करतील की नाही कोणास ठाऊक. तू सोबत येशील का? ह्यांच्यासमोर रडता येत नाही.

त्यानं जिला विचारलं होतं ती बाई,
मालिनी