गुडघा कधी दुखू लागला?

फोंताल्बिया,
९ जून २०२४

प्रिय कोल्दो,

सप्रेम नमस्कार. तू, बेगोन्या आणि मुली खुशाल असाल. तुझा पत्ता जुन्या फुटबॉल खेळाडूंच्या मंडळाकडून मिळवला. तू अजून बंदरावर माशांच्या लिलावात असतोस आणि अजून सगळ्यांवर ओरडतोस, असं तिथल्या बाई म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं.

इकडे ठीक आहे. एप्रिलात थंडी परतली आणि निम्मे बदाम झाडावरच काळे पडले. फादर सेवेरिनोंकडे आता सात गावं आहेत, त्यामुळे ते पंधरवड्यातून एकदा येतात. मधल्या रविवारी चर्चचं दार मी उघडतो. म्हाताऱ्या बायका जपमाळ करतात, मी मागच्या बाकावर बसतो. ऑक्टोबरात मला पन्नास पूर्ण होतील.

पत्राचं कारण साधं आहे. मला एक गोष्ट विचारायची आहे. १९९७च्या मार्चमधला तो रविवार तुला माझ्याहून जास्त आठवत असणार. तेविसाव्या मिनिटाला तू हेडरसाठी उडी मारलीस आणि खाली येताना डावा गुडघा वळला. तो गुडघा त्याआधी दुखत होता का? दुखत असेल तर कधीपासून? दिवस आठवला तर दिवस लिही, वेळ आठवली तर वेळही लिही.

इतक्या वर्षांनी हे काय, असं म्हणशील. त्याचं असं झालं की आमच्या सरपंच विसीने गावच्या मैदानाला माझं नाव द्यायचं ठरवलंय. १५ ऑगस्टला मारियामाउलीचा सण असतो, त्याच दिवशी पाटी लावायची आहे. महिना झाला, मी तिला हो म्हटलेलं नाही. परवा तिने मला चौकातच अडवलं.

“फेर्मिन, तुझ्या नावाची अक्षरं कोरायला टाकायची आहेत. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. मग मैदानाला त्या प्रांताच्या पुढाऱ्याचं नाव द्यावं लागेल, ज्याने हिरवळीचे पैसे दिले आणि जो एकदा तिच्यावर घसरून पडला.”

“मला थोडा वेळ दे.”

“वेळ? दुसऱ्या विभागात तीनशे बारा सामने, पहिल्या विभागात एक्केचाळीस. या गावातून आजवर कोण कुठे गेलं? तुझ्या आधी सगळ्यात लांब गेली ती सिप्रियानोची गाढवीण!”

तिने आकडे बरोबर सांगितले. चार गोल केले, त्यातला एक पाठीला लागून गेला, हेही तिला पाठ आहे. पण ती म्हणते तो सगळा प्रवास त्या तेविसाव्या मिनिटाला सुरू झाला, आणि ते मिनिट तुझं होतं. म्हणून तुझं उत्तर आल्याशिवाय मला तिला हो म्हणता येत नाही.

मला नेहमी एका गोष्टीचं कुतूहल वाटत आलंय. मैदानात पाऊल टाकताना आपण सगळेच गवताला हात लावून छातीवर क्रूस काढायचो. समोरचे अकराही काढायचे. गोलपोस्टमागे तुझी आई जपमाळ घेऊन बसायची, आणि त्यांच्या राइट विंगरचीही आई कुठेतरी बसलेली असणार. मग वर हे सगळं ऐकतं कोण, आणि कुणाचं आधी? एका बाजूचं ऐकलं तर दुसऱ्या बाजूच्या आईला काय सांगायचं? मी शाळा गावातच शिकलो, आठवीपर्यंत. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

एवढं लिहून मी थांबलो होतो, पाकीटही बंद केलं होतं. ते पुन्हा उघडलं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही सगळे हॉटेलात पत्ते खेळत होता. मी मिस्सेला, संध्याकाळच्या प्रार्थनेला, जातो म्हणून बाहेर पडलो. जवळच एक लहान चर्च होतं. सात महिने मी बाकावर बसून होतो. एकोणीस नंबरचा माझा शर्ट धुवायलाही टाकावा लागत नसे. मी मेणबत्ती लावली आणि मारियामाउलीकडे तुझा पाय मागितला. हिशेबाने मागितला, कोल्दो. म्हटलं, पाच आठवडे, सहासुद्धा नकोत. हाड मोडायला नको. फक्त पाच आठवडे त्याला बसव आणि मला उठव.

दुसऱ्या दिवशी तुला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, “फेर्मिन, ऊठ, अंग गरम कर.” मी कडेने धावायला लागलो. त्या तीन मिनिटांत मला तुझं दुःख झालं नाही. मला फार आनंद झाला होता. ही गोष्ट मी पापकबुलीतही नीट सांगितली नाही. फादरना मागणं सांगितलं, आनंद राहून गेला. ते हसले आणि म्हणाले, “अरे, मारियामाउली बदली खेळाडू ठरवत नाही.” पण फादर कधी लेफ्ट बॅक खेळलेले नाहीत.

तुझ्या शस्त्रक्रियेनंतर मी इस्पितळापर्यंत आलो होतो. तुझ्यासाठी मिठाईचा डबा आणला होता. गाडीतून उतरलोच नाही. बसल्या बसल्या सगळा डबा मीच खाल्ला आणि परत गेलो. तू पुन्हा खेळला नाहीस. पुढच्या हंगामात तीन नंबरचा शर्ट त्यांनी माझ्या खुंटीला लावला.

तेव्हा गुडघा आधी दुखत होता का, ते कळव. खरं काय ते लिही. माझी समजूत घालायला जाऊ नकोस.

बेगोन्याला नमस्कार.

तुझा जुना सोबती,
फेर्मिन

*

बंदर, लिलावघर,
२७ जून २०२४

फेर्मिन,

सत्तावीस वर्षांनी पत्र, आणि त्यात चौकशी कुणाची, तर गुडघ्याची! माझी नाही! बेगोन्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मिठाईच्या डब्यापाशी ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला. त्याआधी मेणबत्तीपाशी मात्र हसली नव्हती.

गुरुवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास.

वीस मीटर धावून वळायचं, तो व्यायाम चालू होता. वळताना आतून आवाज आला, गोगलगायीवर पाय पडावा तसा. मी बूट बांधायला खाली वाकलो, कारण चेहरा कुठे लपवायचा ते कळेना. मालिशवाल्याला पोटरी आखडली म्हणून सांगितलं. डॉक्टरला काहीच सांगितलं नाही. शुक्रवारी दिवसभर सोफ्यावर पडून गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी धरली होती. ते मटार बेगोन्याने रविवारी शिजवले. तिलाच विचार.

आता, सांगितलं का नाही? तुझ्यामुळे, गाढवा.

बुधवारच्या सराव सामन्यात तू माझ्या दोन्ही पायांमधून चेंडू काढून नेलास. तुला आठवतही नसेल. प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी अठ्ठावीस वर्षांचा, दोन पोरी, जूनमध्ये करार संपत होता. मला पक्कं ठाऊक होतं, तुला तीन आठवडे जागा दिली की तू ती परत करणार नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही केली नसती. म्हणून गप्प बसलो. पुढे डॉक्टर म्हणाला, “गुरुवारी आला असतास तर तीन आठवड्यांत मैदानात असतास. फाटलेल्यावर उडी मारलीस, आता काय शिवू?”

सगळ्यांना मी सांगत आलो की मैदान खराब होतं. दारूच्या गुत्त्यात, लिलावात, माझ्या पोरींना, माझ्या आईला. आई त्या क्लबच्या माळ्याला शिव्या देत देत वारली. बिचारा माळी.

तेव्हा ऐक. त्या गुडघ्याचा दोष माझा आहे. मेणबत्ती लावून तो माझ्याकडून घ्यायला येऊ नकोस. इतकी वर्षं तो माझ्यासोबत आहे, मला त्याची सवय झालीय. तू मागितलंस हे मात्र वाईटच केलंस. त्याचं काय करायचं ते तुझ्या फादरला विचार. मी मासे तोलतो.

पाच आठवडे! निदान दोनच म्हणायचं होतंस.

कोल्दो

*

फोंताल्बिया,
७ जुलै २०२४

प्रिय कोल्दो,

तुझं पत्र बदामाच्या बागेत, खोडाला टेकून वाचलं. पहिली वीस मिनिटं इतकं हलकं वाटलं की मी तसाच बसून राहिलो. मारियामाउलीने माझं ऐकलं नव्हतं. गुरुवार आधी येतो, शनिवार नंतर.

मग उठलो आणि हळूहळू दुसरं ध्यानात आलं. सात महिने मला वाटायचं की मी बाकावर आहे हे कुणाच्या लक्षातही नाही. आणि तू मला इतका घाबरत होतास की डॉक्टरपासून पाय लपवलास. शुक्रवारी तू घरी मटार धरून बसला होतास, शनिवारी मी मेणबत्ती लावत होतो, आणि त्या रात्री हॉटेलात आपल्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. भिंतीवर थाप मारून कुणी एकाने काही म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा मी आता विचार करत असतो. उत्तर सापडत नाही, पण विचार करायला आवडतं.

फादर आले तेव्हा राहून गेलेली गोष्टही सांगितली. धावतानाच्या त्या आनंदाची. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, “हे आधी सांगायला हवं होतंस.” मग क्षमा दिली. मागितलं ते मागितलंच, हे तू म्हणतोस तेच त्यांचंही म्हणणं पडलं.

त्यानंतर मी विसीकडे गेलो. माझ्या मागण्याची गोष्ट तिला आणि तिथे बसलेल्या, चर्चमध्ये जपमाळ करणाऱ्या फेलिसाआत्यांना सांगितली. तुझा गुरुवार सांगितला नाही, तो तुझा आहे. विसी काही बोलायच्या आत फेलिसाआत्या म्हणाल्या, “एवढंच? मी अकरा वर्षं दर रविवारी तुझ्या समोरच्या सगळ्यांचे पाय मागितलेत. गोलकीपरचे हात वेगळे.” अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडून हे ऐकल्यावर विसीला खुर्ची धरावी लागली. मी मात्र घरी येईपर्यंत माझ्यासमोर खेळलेल्या विंगरांची नावं आठवत होतो, कुणाला काय काय झालं ते.

मी विसीला हो म्हटलंय. मी निर्दोष आहे म्हणून नव्हे. तीनशे त्रेपन्न सामने मी खेळलो हेही खरंच आहे, आणि ते नाकारलं तर तू गमावलंस ते काही परत येणार नाही. एक अट घातली, पाटी लावल्यावर मला बोलू द्यायचं. गावाला मी सांगणार आहे की ही जागा आधी कुणाची होती, आणि मी ती कशी मागितली.

आता तुला विचारायचं आहे ते हे. नुसता माझा भाग सांगितला तर लोक समजतील की मैदानाने तुझा पाय घेतला, नाहीतर माझ्या मेणबत्तीने. दोन्ही खोटं. तुझा भाग सांगायचा तर तुझ्या मुलींना, सगळ्या बंदराला कळेल. त्यासाठी तू इथे यायला हवंस आणि तोंडाने हो म्हणायला हवंस, पत्रातला होकार मी धरणार नाही. आला नाहीस तर मी माझंच बोलेन आणि तुझ्या गुडघ्याविषयी एवढंच म्हणेन की त्याची हकिकत मला ठाऊक आहे, पण ती सांगायचा हक्क माझा नाही.

१५ ऑगस्टला बसस्टँडवर सकाळी अकराला गाडी येते. मी तिथे उभा असेन. तू उतरला नाहीस तरी मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो. पण खरं लिहायचं ठरलंय. वाईट वाटेल.

तुझ्या जागेवर अकरा वर्षं खेळलेला,
फेर्मिन