उशाखाली सहा इंच

मंगळवार, ८ जानेवारी १९७४. सकाळी ५ वाजून ५० मिनिटे.
खाटेवर बसून लिहितो आहे, पाठ भिंतीला. रात्र अशीच बसून काढली. आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते आणि छातीत जळते. उठून बसले की खाली जाते. पुन्हा आडवे, पुन्हा तेच. आज सलग झोप ४० मिनिटे, तीही बसून. सातला पहिली पाळी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
जे व्हायचे तेच झाले. मशीनवर उभ्याउभ्या डोळा लागला आणि ड्रिल मोडले. पंधरा दिवसांत दुसरे. फोरमन निमकर साहेब ओरडले नाहीत. जवळ येऊन हळू बोलले, ते जास्त वाईट. म्हणाले, "मोरे, फेब्रुवारीअखेर पर्मनंटची नावं वर द्यायची आहेत. झोपणाऱ्याचं नाव मी देत नसतो."
दोन वर्षे टेंपररी काढली. नाव गेले नाही तर परत गावी भूमला, मामाचे दुकान, जिरे-मोहरीच्या पुड्या. नको.

गुरुवार, १० जानेवारी. सुट्टी.
थेरगावहून सायकलने चिंचवडला, डॉक्टरकडे. नंबर सतरावा. डॉक्टरांनी विचारले, "उशा किती घेता?" दोन, असे सांगितले. तिखट बंद, चहा अर्धा, जेवून लगेच झोपायचे नाही. पांढऱ्या पुड्या दिल्या आणि चिठ्ठीवर लिहिले: 'रात्री उशाखाली सहा इंच विटा ठेवणे.'
अक्षर वाईट, पण लागले. एक चूक मात्र आहे. उशा दोन, म्हणजे 'उशांखाली' हवे. अनुस्वार राहिला आहे. मी पेन्सिलने दिला. नववी अर्धी सोडली, पण शुद्धलेखनात माझा गुण कधी कापला गेला नाही.
घरमालकीण मावशींकडे विटा मागितल्या. गोठ्यामागे पडून आहेत.
"इटा कशाला रं?"
"झोपायला, मावशी."
तरी त्यांनी चार काढून दिल्या.

शनिवार, १२ जानेवारी.
विटा उशांखाली ठेवून दोन रात्री झाल्या. हनुवटी छातीला टेकते. मान डावीकडे वळत नाही. जळजळ कमी तर नाहीच, पोट दुमडल्यामुळे वाढली असावी. तरी डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणून सोसतो.
कालपासून माझी दुसरी पाळी, दुपारी तीनची, म्हणून सकाळी घरीच. परब चिडला. खोलीत खाट एक आणि भाडेकरू दोन, परब आणि मी. तो दुसऱ्या कंपनीत कायमचा रात्रपाळीला. सकाळी साडेसातला तो येतो, तोवर मी उठलेला असतो, तो त्याच खाटेवर आडवा होतो. आज न बघता अंग टाकले आणि डोके थेट विटेवर.
"मेल्या, डोक्याखाली भिंत बांधतोस की काय?"
माफी मागितली. टेंगूळ आले आहे. माझी हळद लावली.

गुरुवार, १७ जानेवारी. सुट्टी.
आजची गोष्ट कोणाला सांगणार नाही. इथे मात्र खरे लिहिले पाहिजे.
डॉक्टर: "मान का वाकडी?" सगळे सांगितले. चिठ्ठी मागितली. चष्मा कपाळावर सारून जवळून पाहिली.
"हे टिंब कोणी दिलं?"
"मी दिलं. राहिलं होतं."
"अरे, राहिलं नव्हतं! उसं, बाबा, उसं! खाटेची डोक्याकडची बाजू! डोक्याकडच्या पायांखाली विटा द्यायच्या, म्हणजे सगळी खाट उतरती होते. उशांखाली नव्हे!"
आत कंपाउंडर हसला. बाहेर बाकावरच्या बाईही हसल्या, त्यांना काय कळले कोण जाणे.
उशाला पाणी ठेव, उशाला कंदील ठेव, हा शब्द मी रोज बोलतो. लिहिलेला दिसला आणि ओळखला नाही. पेन्सिलचे टिंब खोडरबराने काढले. कागद थोडा फाटला.

शनिवार, १९ जानेवारी.
खाट सहा फूट, उसे सहा इंच वर. बारा इंचांना एक इंच उतार. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा.
जळजळ नाही!! छातीत काही नाही. घशात काही नाही.
पण चारला जाग आली तेव्हा पावले खाटेच्या गजांतून बाहेर, थंडीने बधिर. उशा वर, मी खाली. पुन्हा वर सरकलो, पुन्हा खाली आलो. सहा वेळा. हा काही झोपेचा प्रकार नव्हे.
झोपताना टाच जिथे असते तिथे लोखंडी पट्टीवर खडूची रेघ मारली आहे. रोज सकाळी मोजायचे. घसरण ११ इंच.

रविवार, २० जानेवारी.
परबची सोय बघितली पाहिजे. काल संध्याकाळी म्हणाला, "हा घाट तूच चढ, तूच उतर. मी कोकणातला माणूस, घाट फक्त एसटीत बसून उतरतो." म्हणून रोज निघताना चारही विटा काढायच्या, रात्री पुन्हा लावायच्या.
घसरण ९.

मंगळवार, २२ जानेवारी.
पायथ्याला माझी ट्रंक आडवी लावून पाहिली. घसरण शून्य, झोपही शून्य. सगळे वजन तळव्यांवर. रात्रभर बसच्या रांगेत उभे राहावे तसे. सकाळी पोटऱ्या दगडासारख्या. मशीनवर उभे राहवेना.

गुरुवार, २४ जानेवारी. सुट्टी.
कारण सापडले, निदान अर्धे. आईने दिवाळीत दिलेली गोधडी. नेहमी जुन्या सुती लुगड्यांची शिवते. या वेळी पोरगा कंपनीत आहे म्हणून तिच्या बहिणीकडून नायलॉनची साडी मागून वरून लावली. दिसायला देखणी, पण माशासारखी निसटती. ती आता अंगावर. अंगाखाली घोंगडी. टोचते, पण धरून ठेवते.

शुक्रवार, २५ जानेवारी.
घसरण ४. आईला हे कळवायचे नाही.

मंगळवार, २९ जानेवारी.
चारच्या खाली येत नाही. दर तासाला जाग येते, वर सरकतो. दुसऱ्या पाळीत रात्री नऊच्या सुमारास डोळे मिटू लागले, म्हणून बोटाचे पेर चावले. ड्रिल वाचले. निमकर साहेब समोरच्या खांबाशी उभे होते. खिशातून वही काढली, काहीतरी लिहिले, वही ठेवली. माझ्याबद्दलच असेल. दुसऱ्याबद्दलही असू शकते, पण...

गुरुवार, ३१ जानेवारी. सुट्टी.
आज नदीकडच्या चढावर मावशींची शेणखताची बैलगाडी थांबली, जुवाचा दोर तुटला. मी सायकल टाकून धावलो आणि मागून दोन्ही हातांनी गाडी रेटून धरली. मावशी ओरडल्या, "आरं, मागनं धरून काय व्हतंय? मरशील! चाकाखाली दगड दे, चाकाखाली!"
दगड दिला. एवढासा, नारळाएवढा. सगळी गाडी जागच्या जागी.
दोर बांधून होईपर्यंत मी त्या दगडाकडेच बघत होतो. मावशी म्हणाल्या, "दगड कधी बगितला न्हाईस व्हय?"
पायथ्याची ट्रंक म्हणजे गाडी मागून धरणे. चुकीची जागा. आडव्या माणसाचे चाक कुठे? जिथे वजन टेकते तिथे. म्हणजे बुडाशी. तिथे, मांडीच्या सुरुवातीला, दगड पाहिजे. मऊ दगड.

शनिवार, २ फेब्रुवारी.
कंपनीची जुनी खाकी पँट गुडघ्याशी फाटली होती. तिचा एक पाय कापला, त्यात चिंध्या ठासल्या, दोन्ही टोके शिवली. लोड तयार. जाडी पाच इंच. बुडाच्या लगेच खाली, मांड्यांखाली आडवा ठेवला.
सकाळी लोड आणि मी, दोघेही खाली. घसरण ५, लोडासकट. दगड जमिनीत रुततो, लोड घोंगडीवर रुतत नाही. त्याला बांधले पाहिजे. वरून.

रविवार, ३ फेब्रुवारी.
नवारीचे दोन पट्टे घेतले. लोडाच्या दोन टोकांना शिवले, दुसरी टोके उशाकडच्या गजाला बांधली. एक गाठ डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे (मोजून). आता लोड खाली जाणार असेल तर खाट मोडून जाईल.

सोमवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ५ वाजून ४५.
शून्य.
कंदील जवळ आणून दोनदा पाहिले. टाच रेघेवर. झोप ७ तास १० मिनिटे, मध्ये एकदाही जाग नाही. घसा कोरडा, गोड. गुडघे थोडे वर उचललेले राहतात, त्यामुळे कंबरही दुखत नाही, हे तर फुकटचे मिळाले.
मोठ्याने "शून्य" म्हणालो. खोलीत कोणी नव्हते. गोठ्यातली म्हैस ओरडली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी.
काल घाईत लोड काढायचा विसरलो. परब रात्रपाळीहून येऊन अंधाऱ्या खोलीत आडवा झाला, आणि मांडीखाली कोणाची तरी मांडी! पँट घातलेली! ओरडत अंगणात आला म्हणे. संध्याकाळी मावशींनी नक्कल करून दाखवली. परब म्हणतो, "खाटेत दोघं होतो तेच फार, आता तिसरा कोण आणलास?"
मी त्याला पूर्ण रचना समजावून सांगितली. तो जांभया देत होता.

शनिवार, ९ फेब्रुवारी.
दुसरी पाळी. झोप आठ तास. उठायलाच उशीर झाला, विटा काढायच्या राहिल्या. परब इतका थकून आला होता की तसाच उतारावर आडवा झाला.
अकराला मावशी दाराशी आल्या. "परब हाय ना रं जित्ता? आज घोरन्याचा आवाज न्हाई."
बघितले. तोंड मिटलेले, श्वास सरळ. माझ्या लोडावर लहान मुलासारखा झोपला होता.

रविवार, १० फेब्रुवारी.
परब: "विटांना हात लावशील तर बघ."
विटा आता कायम.

बुधवार, १३ फेब्रुवारी.
आठ दिवसांत एकही डुलकी नाही. एकही ड्रिल नाही. माझ्या मशीनचे काम ठरल्यापेक्षा अकरा नगांनी जास्त.
जेवणाच्या सुट्टीत निमकर साहेब जवळ आले. म्हणाले, "मोरे, हल्ली डोळे उघडे असतात तुझे. औषध कुठलं?" खरे ते सांगितले. आंबट पाणी, विटा, उतार. (टिंबाचे नाही.)
साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. आवाज खाली आणला.
"किती इंच?"
"सहा, साहेब."
"आणि घसरत नाहीस?"
"शून्य."
"मी दोन वर्षांपूर्वी विटा लावल्या होत्या. रोज सकाळी पायथ्याशी सापडायचो. घरी हसायला लागले, काढून टाकल्या." मग छातीवर मूठ ठेवली. साहेबांना हा त्रास आहे! साहेबांना!

बुधवार, २० फेब्रुवारी.
आकृती काढून दिली. वरून एक, बाजूने एक, सगळी मापे घालून. लोड, पट्टे, गाठी, उतार. शाईने. साहेबांनी ड्रॉइंग तपासावे तशी तपासली. "लोड नक्की कुठं येतो?" सांगायला लाज वाटली, तरी सांगितले. "कागदावर कळत नाही. मंगळवारी दुसऱ्या पाळीच्या आधी येतो बघायला."
आमच्या खोलीवर. फोरमन. भिंतीला पोपडे आले आहेत. परब त्या वेळी झोपलेला असतो. कप एकच आहे, त्याचाही कान गेला आहे.

मंगळवार, २६ फेब्रुवारी. दुपारी २ वाजून १५ मिनिटे.
ओट्यावर बसून लिहितो आहे.
साहेब एकला स्कूटरवर आले. काखेत पिशवी. म्हणाले, "नावांचा कागद यातच आहे, पाळी सुरू झाली की वर देणार." माझे नाव आहे का, ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते का? परबला उठवले, तो डोळे चोळत बाहेर आला. साहेबांनी उतार पाहिला, पट्टे ओढून पाहिले, गाठ पाहिली. बूट काढले. "पाचच मिनिटं आडवा होतो."
मी म्हटले, "साहेब, थोडं वर. लोड मांडीखाली येऊ द्या."
साहेब वर सरकले. "अरे!" एवढेच म्हणाले. डोळे मिटले.
ती पाच मिनिटे होऊन एक तास झाला.
पाळी तीनला. सायकलने पाऊण तासाला थोडे कमी. स्कूटरने वीस मिनिटे. मी आताच निघालो तर वेळेवर पोचेन आणि साहेब इथेच राहतील. उठवले तर... माणूस किती वर्षांनी असा झोपला असेल.
परब: "उठव त्याला."
"तू उठव."
"फोरमन तुझा, खाट दोघांची, झोप माझी गेली, आणि मीच उठवू?"
मावशी शेणाचे हात घेऊन दारातून डोकावल्या. "कुनाचा पावना हाय? झोपू द्या. लई दिसांचं जागरण दिसतंय त्येच्या तोंडावर."
२ वाजून २५. आत जाऊन आलो. साहेबांचे तोंड मिटलेले, चेहरा ओळखू येत नाही इतका मऊ. जागचे तसूभर हललेले नाहीत. पिशवी त्यांच्या हाताखाली.
२ वाजून ३१. आता मी सायकलने गेलो तरी उशीरच. आता पोचायचे तर त्यांच्या स्कूटरवर मागे बसूनच.
२ वाजून ३४. दाराशी जाऊन "साहेब" म्हणालो. ऐकू जाणार नाही इतक्या हळू. २ वाजून ४० ला मोठ्याने म्हणेन, त्यानंतर स्कूटरही वेळेवर पोचणार नाही.