एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

प्रिय अण्णा,

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, आणि पंगतीत काय घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

शहागंजातलं आपलं दीड खोलीचं घर आठवतं? आम्ही सहा भावंडं आणि एक चूल. पहिली गरम भाकर दादाच्या ताटात, मग धाकट्या भावांच्या. आम्हा बहिणींची पाळी शेवटी!

एकदा तुम्ही पाटी पुढं ओढलीत. "एक भाकर. तुम्ही सहा आन् तुमची आई, झाले सात. करा तक्सीम!" पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, तुम्ही उर्दूत शिकलात, नंतर जन्मभर मराठीत गणित शिकवलंत, पण भागाकाराला शेवटपर्यंत तक्सीमच म्हणालात. आम्ही भागत गेलो. दशांशचिन्हापुढं १४२८५७, पुन्हा १४२८५७, संपेचना!

मग आम्हाला गोल बसवून तुम्ही एकेकाला एकेक आकडा दिलात. दादा एक, त्याच्या शेजारी मी चार, पुढं दोन, आठ, पाच, सात. सोमवारी १४२८५७ ला एकानं गुणायचं, मंगळवारी दोनानं: २८५७१४. बुधवारी तिनानं: ४२८५७१. आकडे तेच, बसायचा क्रमही तोच, फक्त सुरुवात बदलायची! ज्याचा आकडा पहिला, त्याला पहिली भाकर. बुधवार माझा. मी मंगळवारपासूनच भुकेली असायचे.

तुमची बहीण, आमची आत्या, केवढी चिडली होती! "पोरींना आधी? लई शहाणा झालास व्हय रं?"

"मी नाय म्हणत, अक्का. आकडा म्हणतो," तुम्ही म्हणालात.

रविवारी सातानं गुणायचं. ९९९९९९! सगळे सारखे. त्या दिवशी आई भाकरी आधीच करून आमच्यात जेवायला बसायची आणि तुम्ही वाढायचात. पण तुमचा आकडा कुठं होता हो, अण्णा? विचारलं की हसून वरण वाढायचात. त्याचा मला अजून राग आहे.

कालही रविवारच होता. आत्या म्हणाली, "आधी गडीमाणसं बसू द्या." आई सवयीनं आत वळली. तेवढ्यात दादा पानावरून उठला. "आत्या, आज रविवार हाय." बस्स, एवढंच! आईचा हात धरून त्यानं तिला आमच्यामध्ये बसवलं आणि वरणाची बादली उचलली. मग आत्याही आईशेजारी येऊन बसली.

दादा मात्र सगळ्यांच्या मागून एकटाच जेवला, अगदी तुमच्यासारखा. ते मला बघवलं नाही.

म्हणून शब्द देते. वर्षश्राद्धाला वार कुठलाही असो, आपण सातानंच गुणू. दादाला मी बसवीन, वाढायला मी उभी राहीन. तुमचं पान सगळ्यांत आधी मांडीन. या वेळी बसायचं, अण्णा.

तुमची बुधवारची लेक,
सुमन