दारू न पिणारीचे नाव दारूमुक्तांच्या यादीतून कमी करण्याबाबत

प्रति,
मा. तालुका समन्वयक,
‘निर्धार’ मोबाईलद्वारे दारूमुक्ती प्रायोगिक प्रकल्प,
जुन्नर-आंबेगाव कक्ष, जुन्नर, जि. पुणे.

अर्जदार : सौ. आरती कुंडलिक नलावडे, बी.ए., वय ४६, मु. पो. डिंगोरे, ता. जुन्नर.

विषय : मी दारू सोडलेली नसून कधी धरलेलीच नसल्याने माझा सत्कार रद्द करणे व नारायणगावातील फ्लेक्स उतरवणेबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनाचे पत्र, दि. ६ नोव्हेंबर २०२५.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांच्या उत्तरादाखल आपल्या कार्यालयाकडून व्हॉट्सॲपवर जोडलेले हात मिळाले.

महोदय,

मी आजवर दारूला हात लावलेला नाही, हे भैरवनाथाला स्मरून लिहून देते. विधान काटेकोर करायचे तर, नवऱ्याच्या खिशातली क्वार्टर काढून मोरीत ओतण्यापुरता मी तिला आठवड्यातून सुमारे दोनदा हात लावते. याखेरीज आमचा संबंध नाही.

१. जून महिन्यात आपल्या कार्यकर्त्या श्रेया मॅडम आमचे पती कुंडलिक यांचे नाव योजनेत घालण्यासाठी घरी आल्या. मोबाईलला जोडायची फुंकनळी, फुंकल्यावर दारू नसेल तर गुण, गुण साठले की बक्षीस, अशी योजना त्यांनी नीट समजावली. घरात स्मार्टफोन एकच, तो बचत गटाच्या कामासाठी माझ्या नावावर. मॅडम म्हणाल्या, “ताई, फोन ज्याच्या नावावर, आधार त्याचंच लागतं.” मी आधार दिले. फोटोच्या वेळी पती पडवीत आडवे होते, म्हणून फोटोही माझाच निघाला. प्रश्नावलीला मात्र त्यांनी पडल्या जागेवरून, आयुष्यात प्रथमच, खरी उत्तरे दिली. “म्हैन्यातून किती दिस? रोज. लिवा की म्याडम, रोज. सकाळचीबी धरा.” ती उत्तरे माझ्या फोटोखाली गेली.

२. हे मी चालू कसे दिले, असे आपण विचाराल. रेशनच्या मशीनवर घरातल्या कोणाचाही अंगठा चालतो. पतींचा उठत नाही म्हणून वर्षानुवर्षे माझाच लागतो आणि धान्य सगळ्यांना मिळते. येथेही तसेच असेल, असे घरात सर्वांनी धरले. सासूबाई साळुबाई यांनी नळी उलटसुलट पाहिली आणि चुलीची फुंकणी द्यावी तशी माझ्या हातात दिली. “आरते, फुक. फुकायचं काम गड्यांचं नसतं.” पतींचे मत, “तू फुकलं काय न् म्या फुकलं काय, घर येकच हाय ना?” आपल्या यंत्राचे मत वेगळे नसावे, कारण पहिल्याच फुंकरीला ते हिरवे झाले. रोज सकाळपासून पिणारी बाई एका दिवसात शून्यावर आली, याचे आपल्या कार्यालयात कोणालाही नवल वाटले नाही. टाळ्यांचा आवाज तेवढा फोनमधून आला.

३. तेव्हापासून दिवसातून तीनदा फोन बोंबलतो आणि दहा मिनिटांत तोंड कॅमेऱ्यात धरून फुंकावे लागते. मी कांद्याच्या रोपात उभी राहून फुंकले आहे. शेजारच्या भागूच्या दशक्रियेत, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत सगळे गप्प असताना फुंकले आहे. कावळा उडाला. त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणे झाली. त्यात एका पुढाऱ्याने मयताबद्दल दोन वाक्ये आणि “आमच्या आरतीवैनींनी दारू सोडली” याबद्दल पाव तास भाषण केले. पतींनी माईक मागून घेतला. “लई सोसलं म्या,” एवढेच बोलून ते रडले. जवळ बसलेल्यांनी नाकाला रुमाल लावले. ते अश्रूंमुळे नव्हते.

४. मी श्रेया मॅडमना फोन करून दोनदा स्पष्ट सांगितले की मी पीत नाही. त्या फार मायेने म्हणाल्या, “ताई, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. नाकारणं हा आजाराचाच भाग असतो.” तेव्हापासून मी जितक्या वेळा नाकारते तितकी आजारी होते. एक दिवस वैतागून फुंकलेच नाही. आपल्या ॲपने ते प्यायल्यात धरले आणि माझ्या माहेरी संदेश पाठवला : ‘आरती यांनी आज नमुना दिलेला नाही. त्यांना प्रेमाने समजवा.’ माझे बंधू जानकू अवसरी बुद्रुकहून मोटारसायकलवर आले आणि चप्पल न काढता दारातूनच म्हणाले, “आक्का, आईच्या कानावर गेलं तर जीव दील ती.” माझे पती त्यांना धरून आत घेऊन आले. दोघांपैकी कोण कोणाला धरून होते, ते सांगणे कठीण.

५. बक्षिसाबद्दल. ऑगस्टमध्ये पाच लिटरचा कुकर आला. तो त्याच दिवशी पतींच्या काखेतून घराबाहेर गेला. सध्या तो फाट्यावरच्या परमिट रूममध्ये असून त्यात चकण्याचे चणे शिजतात. मी रस्त्याने जाताना त्याची शिटी ऐकते. माझ्या श्वासावर मिळालेल्या वस्तूवर माझा नवरा आठ दिवस प्यायला, ही आपल्या योजनेची आमच्या घरापुरती फलश्रुती आहे. मला किळस येते.

६. आता मूळ मुद्दा. माझी मुलगी संस्कृती हिला खोडदचे स्थळ आले होते. मुलगा चांगला, मुलीला पसंत. दिवाळीनंतर सुपारी फोडायचे ठरले. मधल्या काळात आपण नारायणगावच्या बसस्थानकासमोर दहा फुटी फ्लेक्स लावला. त्यावर माझा आधारचा फोटो आणि खाली ‘कालची मद्यपी, आजची आदर्श माता’. खोडदचे लोक बाजाराला नारायणगावलाच येतात. मुलाच्या आई कुशाबाई यांचा फोन आला. “पोरगी सोन्यावानी हाय वो. पन आमच्यात बाया पीत न्हाईत. तुमी सोडली हे लई चांगलं केलं, पन धरली कशापायी?” मी सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, “मंग हापिसाचं तसं लिवून आना. तेवीस तारखेच्या रविवारपातूर वाट बघतो.” संस्कृती आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. बापाशी बोलते, कारण फ्लेक्सवर तो नाही.

७. त्या पत्रासाठी मी आपल्या कार्यालयात तीन खेटे घातले. आपल्याकडे ‘मद्यमुक्त’ हाच एक दाखला छापलेला आहे. कधीच न प्यालेल्या माणसासाठी दाखला नाही. नाव कमी होण्याचे मार्गही दोनच, असे कळले : लाभार्थ्याचा मृत्यू किंवा लागोपाठ तीन नमुन्यांत दारू आढळणे. दुसऱ्या मार्गाचे साहित्य घरात उपलब्ध आहे. पण त्यानंतर कुशाबाईंना काय दाखवू, तेही आपण लेखी कळवावे.

पतींना योजनेत घ्या, असे सुचवले असता, ते यशस्वी लाभार्थ्याचे कुटुंबीय असल्याने अपात्र ठरतात, असे उत्तर मिळाले. उलट २१ तारखेच्या कार्यक्रमात ‘सोशिक जोडीदार’ म्हणून त्यांनाही शाल देणार असल्याचे पत्रावरून समजले. त्यांनी त्यासाठी आतापासून दाढी राखली आहे.

तरी रविवार दि. २३ नोव्हेंबरच्या आत ‘नोंदणीत चूक झाली, अर्जदार कधीही दारू प्यायलेल्या नाहीत’ एवढ्या एका ओळीचे सही-शिक्क्याचे पत्र मिळावे आणि फ्लेक्स उतरवावा. शाल नको. डिंगोऱ्याचा निकाल शंभर टक्के लागला असून एक नाव काढले तर आकडा बिघडतो, ही आपली अडचण आपण फोनवर सांगितली. त्याबाबत खालील यादीतील शेवटची बाब पाहावी.

आपली, कधीही न प्यालेली,
(सही)
सौ. आरती कुंडलिक नलावडे
डिंगोरे, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) फ्लेक्सचा फोटो.
२) फुंकनळी, एक नग, परत.
३) डिंगोरे येथील उरलेल्या आठ यशस्वी लाभार्थ्यांच्या याच मागणीसाठी सह्या. आठही बायका आहेत.