ताईची चाल

ता. ४ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

दुकान बंद करून पियानोच्या क्लासला जातो, हे तुला कळवलं होतंच. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला आणि आता साठीत जॅझ! घरात सगळे हसून घेतात. आमच्या बाई माझ्या धाकटीच्या वयाच्या, पण हात काय आहे म्हणून सांगू! लिहिलेलं वाजवायचंच नाही. डाव्या हाताने कॉर्ड धरायचे, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबायचे, उजव्याला तीनच सूर द्यायचे, आणि त्या तिनांतून दर खेपेला नवं काही काढायचं. तेवढ्या तीन सुरांत त्या इतकं बोलतात की मी स्वतः वाजवायचं विसरून नुसता ऐकत बसतो.

कॉर्ड मला जमतात. घोडं अडलंय ते ठेक्यापाशी. दोन सुरांतला पहिला रेंगाळू द्यायचा, दुसरा चटकन उचलायचा, की वाजवणं झुलायला लागतं. माझे दोन्ही अगदी सारखे पडतात. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही वाजवत नाही, टोले देताय. महिनाअखेरीला क्लासचा कार्यक्रम आहे. ड्रम आणि बास गिटारवाल्यांच्या बरोबर मला बसायचंय, पण झुललं नाही तर बसवणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. ताई, मला बसायचंय गं. एवढी हाव मला कशाचीच सुटली नव्हती.

ऑपरेशनचं काय ठरलं? कळव. लोभ करतेसच, या वेळी जरा जास्त कर.

तुझा,
घड्याळजी

---

ता. ९ मार्च

चि. लंबकरावांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाचता येईना तरी अंगण वाकडं म्हणत नाहीस, याचंच मला कौतुक वाटलं. या वयात पोरीसोरींचं बोलणं ऐकून घेतोस, हेही काही थोडं नाही.

खुब्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. दोन्ही पाय सारखे होतील, असं डॉक्टर म्हणतात. भीती वाटते. पण दुखण्याला मी विटले आहे.

आता तुझा ठेका. अरे, तो तुला येतो! लहानपणी माझं बोट धरून शाळेत यायचास, तो माझ्यासारखाच लंगडत. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, की तुमची दोन्ही मुलं का हो अशी? ताईला वेडावतोस म्हणून आईने तुला धपाटा घातला. तू भोकाड पसरून सांगितलंस, की ताई अशीच चालते, मग चालतात असंच ना! चांगला पाय टेकून राहायचा, आखूड पाय चटकन उचलायचा. बघ तुझ्या सुरांना लागते का ही चाल. चाल माझी, टाळ्या तुझ्या.

माया आहेच, ती मोजत बसू नकोस.

तुझी,
ताई

---

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचं भाचा बोलला, जीव भांड्यात पडला.

तुझं पत्र वाचून मी स्टूल बाजूला सारलं आणि खिडकीपासून दारापर्यंत तुझ्यासारखा चालत राहिलो. पाय मुरगळला समजून शेकायची पिशवी घेऊन ही धावत आली. तसाच पियानोवर बसलो. ताई, हात झुलले! क्लासमध्ये बाईंनी हातातलं काम टाकलं. कोणाचं ऐकून शिकलात, म्हणाल्या. मी म्हटलं, बहिणीचं. त्या कुठल्या बँडमध्ये वाजवतात, असं विचारायला लागल्या. भूगोल शिकवायची, म्हणून सांगितलं.

आणि कार्यक्रमाला मी बसलो! बासवाला माझ्याकडे बघून हसला, तेव्हा डोळे भरून आले. बोटं माझी होती, पण चालत तूच होतीस. रेकॉर्डिंग भाच्याच्या फोनवर पाठवलंय. ऐक, आणि रागवायचं असेल तर रागव.

लोभ आहेच. तो असाच झुलता राहो.

तुझा,
घड्याळजी

---

ता. २० एप्रिल

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काठी सुटली. सरळ चालते, दुखत नाही. पण खरं सांगू? परवा मी स्वयंपाकघराकडे निघाले, तर सुनेने आतून विचारलं, कोण आहे? इतकी वर्षं माझं पाऊल वाजलं की शाळेतला अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि आता घरातल्या घरात मला कोणी ओळखेना. ज्या चालीवरून जन्मभर बोलणी खाल्ली, ती गेल्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

काल तुझं रेकॉर्डिंग लावलं. रागवू कशाला, वेड्या? डोळे मिटून पडले होते. तू सुरू केलंस आणि कोणीतरी जिना चढून येतंय असं वाटलं. दार उघडायला मी उठलेसुद्धा. मग ओळखलं.

मीच येत होते.

वाजवत राहा रे.

तुझी,
ताई