अळणी बाई

माय,

परवा दुपारी लाईट गेली तेव्हा माझ्या नातीनं मैत्रिणींना भुताची गोष्ट सांगितली. मी पलीकडं बाजेवर पडून ऐकत होते. निजामाच्या काळात म्हणे आपल्या माळावर एका बुवाचा मठ होता. तिथली माणसं मीठ खात नसत, वाळून काटक्या झाली होती, आणि त्यातली एक बाई अजून भर उन्हात हिंडते. दारात उभी राहून चुलीकडं बघते आणि घरातलं लहान लेकरू घेऊन जाते. अळणी बाई म्हणतात तिला. पोरी किंचाळल्या. मी उठून म्हणाले, पुरे झाला चावटपणा, जा, पाणी भरा. तिला कसं सांगू की ती तिची पणजी आहे? मला राग आला तो भुताचा नाही. तू कुणाचं लेकरू नेशील गं? तुझं स्वतःचं एक गेलेलं तुला परत आणता आलं नाही.

धाकला गेला त्या वर्षी गावात पटकी आली होती. सकाळी तो अंगणात कोंबडीमागं पळत होता आणि दिवेलागणीच्या आत संपला. आपल्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, आणि भोवती मीठ भरतात. त्याची मांडी नीट घालता येईना, इतका तो लहान. आबांनी बापाच्या हातानं टोपल्यातलं मीठ ओतलं, मग घरच्यांनी एकेक मूठ टाकली. तुझी मूठ शेवटची होती, आणि ती तुला उघडता येत नव्हती. आत्यानं बोटं सोडवली. मी बाजूला उभी होते, दहा वर्षांची, माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

मग त्या बुवानं तुला गाठलं. आबा तुला सोनारीला भैरोबाच्या पाया पडायला घेऊन गेले होते, तुझं मन तिथं लागलं नाही. या बुवाचं बोलणं मात्र तुला पटलं. तो म्हणाला, "बाई, तुमीच त्याला मिठात धरून ठिवलंय. तुमी मीठ सोडा, म्हंजी त्यो सुटंल. तुमच्याकडं यील." दुसऱ्या कुठल्या जातीच्या बाईला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. तुझ्या तळव्याला ते मीठ अजून चिकटलेलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, त्यातली गत. तू घर सोडून मठात राहायला गेलीस.

आबा तीनदा आणायला गेले. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. तू त्यांना म्हणालीस, "तुमी जावा. ल्योक यायलाय, अन् म्या हितं नसले तर वाट चुकंल." आबांनी तहसिलीत उर्दूत अर्ज लिहवून दिला. तिथला कारकून म्हणाला, मजहबी मामला आहे, सरकार त्यात पडत नाही. पंचांनीही मूग गिळले. मग आबांनी तुझं नाव काढणं सोडलं, आणि मी भाकऱ्या थापायला शिकले.

अजून डोळ्यापुढं दिसतं, रोज दुपारी भाकरी घेऊन मी माळ चढते. वैशाखाचं ऊन आहे. पंचवीसएक माणसं मठाची विहीर खणतायत, दगड वाहतायत, घागरीच्या घागरी पाणी पितायत आणि घामानं ते सगळं मीठ अंगातून वाहून जातंय. कुणी मधेच टोपलं टाकून हवेशी बोलायला लागतो. कुणी मेलेल्या बायकोला हाका मारतो. एक म्हातारा हात पुढं करून धावला आणि विहिरीच्या कडेवरून खाली गेला. बुवा म्हणाला, "ज्याचं त्याला भेटलं." करून सवरून नामानिराळा. स्वतः मात्र गरगरीत होता. त्याच्या ताटात काय असायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक. नातीच्या गोष्टीत बुवा फारसा नाहीच, याचं मला नवल वाटतं.

तुझे पाय सुजले होते, ओठ पांढरे पडले होते, डोळे हरवल्यासारखे, आणि एकदोनदा मला धाकला समजून जवळ ओढलं होतंस. आपल्याकडं भाकरीत मीठ घालत नाहीत, म्हणून तर मठात बाहेरची भाकरी चालायची. एक दिवस मी पीठ मळताना त्यात चिमूटभर टाकलं. दुसऱ्या दिवशी दोन चिमटी. तू पहिला घास चावलास आणि थांबलीस. माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं आता ओरडणार, बुवाला सांगणार. तू खाली मान घालून सगळी भाकरी खाल्लीस, पदरावर पडलेले तुकडे वेचून खाल्लेस.

दहाबारा दिवसांत तू सरळ चालायला लागलीस. माझ्या वेणीला हात लावून म्हणालीस, "किती गुतडा गं. कुणी इंचरून दिलं न्हाय व्हय?" मला वाटलं आता घरी येशील. आणि मग तू रडायला लागलीस. "त्यो येईना झालाय गं. चार दिस झाले, दिसंना." माझ्यावर ठपका ठेवला नाहीस. नुसती रडत राहिलीस, मी शेजारी बसलेली असताना, आणि मी उठून घरी आले तरी तुला कळलं नाही.

पुढचं मी आबांना सांगितलं नाही, नवऱ्याला नाही. मी मीठ टाकणं बंद केलं. लोकांना कळलं असतं तर म्हणाले असते, पोरीला आईचे हाल बघवेनात. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला तेच सांगितलं. आठवड्यानं तुझे डोळे पुन्हा तसे झाले. मी भाकरी घेऊन आले तर तू लांबून हात पसरलेस. "बा मगा, बा," म्हणालीस, ये लेकरा, तुझ्या माहेरच्या कानडीत. कानडी तू फक्त धाकल्याशी बोलायचीस. मला मांडीवर घेतलंस, एवढ्या थोरलीला. माझे गाल चाचपलेस, माझ्या कपाळाला कपाळ लावून हसलीस. मी बोलले नाही. बोलले असते तर माझा आवाज ओळखला असतास.

असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी तुला विहिरीशेजारी निजवलेलं होतं, आणि तोंडावर पदर होता.

आता सून विचारतेय काय लिहिताय, तर म्हणाले, लोणच्याची कृती. हे कागद मी चुलीत घालीन. पण एवढं लिहून ठेवते. भाकरीत मीठ घालायला मी विसरले नव्हते, आणि तुझे हाल बघवत नव्हते म्हणूनही थांबले नाही. मिठाचं मडकं रोज माझ्या हाताशी होतं. मला ती मांडी हवी होती, माय, त्याच्या नावाची का होईना. आणि आज पुन्हा पीठ मळायला बसवलंस, तर मी मीठ घालीन असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.